तीन नंबरचा प्रेस

“मॅडम, माझ्या भावानं काय केलं न्हाय हो! उद्या कोर्टातनं त्याला हिंडलग्याच्या जेलात न्हेत्यात. तुमच्या पाया पडते, काय तरी करा!”

फोनवर काकती गावची रचना होती. सायबर पोलीस ठाण्याच्या उपनिरीक्षक दिव्या चौगुले तिच्या कॉलेजात एकदा भाषण द्यायला गेली होती. तेव्हा दिलेला नंबर पोरीनं जपून ठेवला होता. ती इतकी रडत होती की दिव्याला अर्धं कळलं आणि अर्धं पुन्हा विचारावं लागलं.

प्रकरण असं होतं. काकतीजवळच्या एका कारखान्यात परवा महादेव नावाच्या कामगाराचा उजवा हात प्रेसखाली गेला. पत्रा दाबून त्याला आकार देणारं ते यंत्र. हात मनगटापासून काढावा लागला. प्रेस चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर त्या वेळी रचनाचा भाऊ रवळू बसला होता. महादेवच्या धाकट्या भावाशी ठरलेलं रचनाचं लग्न महादेवनंच नुकतं मोडलं होतं, आणि त्यावरून रवळू त्याच्या अंगावर धावूनही गेला होता. हॉस्पिटलात शुद्धीवर येताच महादेवनं रवळूचं नाव घेतलं. पोलिसांना आणखी काय पाहिजे? उचलला आणि आत टाकला!

दिव्या आधी कोठडीत गेली.

“बटण दाबलंस?”

“आईशप्पथ न्हाय, मॅडम. महादेवअण्णा पत्रा ठेवत हुता. मी काचेतनं त्याच्या हाताकडंच बघत हुतो.”

“दिसत होतं नीट?”

“शेडातले दिवे लागलते की. भायेर अंधार पडलता.”

“हात आत असताना प्रेस खाली येत नाही म्हणतात. किरणांचा पडदा असतो ना समोर?”

“असतोय. हात दिसला की यंत्र थांबतंय. साहेब म्हणत्यात, मी तो पडदा बंद केला. मला ते येतंय कुठलं?”

“त्या कॉम्प्युटरनं आधी कधी दगा दिला होता?”

रवळूनं डोळे पुसले. “एकदा. मागल्या आठवड्यात चुकून तीन नंबरचा प्रेस निवडला गेला माझ्याकडनं. आमच्याकडं आता दोनच हायत, तिसरा निपाणीच्या शेडात न्हेलाय. तर सगळा कॉम्प्युटर जाग्यावर थिजला. माऊससुदा हलंना. मॅनेजरसाहेबांनी लई झाडलं मला.”

मग एकदम त्यानं गजांना डोकं टेकलं. “मॅडम, आई जांबोटीला हाय. तिला अजून कुणी सांगितलं न्हाय. पेपरात आलं तर ती जीव देईल हो!”

ती तडक कारखान्याकडे निघाली.

पोलिसांनी प्रेसला दोरी बांधून, लाख लावून झकास सील ठोकलं होतं. प्रेसला हुकूम देणारा कॉम्प्युटर मात्र शेजारच्या खोलीत मोकळा! धन्य त्या पंचनाम्याची! हात लोखंडानं तोडला म्हणून लोखंडाला बेड्या, एवढंच ते डोकं.

मॅनेजर नागेंद्र घाईत होते. “मॅडम, मिटवा की हे आता. उद्या दुपारी प्रेस सुरू करायचा आहे, नवा माणूस बोलावलाय.”

“कॉम्प्युटर थिजला होता म्हणे मागल्या आठवड्यात?”

“हो, खरं आहे ते. मी जिनेंद्रला सांगितलंही होतं. म्हणाला, सवडीनं बघतो.”

जिनेंद्र हा निपाणीचा. कॉम्प्युटर आणि प्रेस यांच्या मधला ड्रायव्हर, म्हणजे वरून आलेला हुकूम यंत्रापर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम, त्यानंच लिहिला होता. बोलावल्यावर तो समोर येऊन बसला.

“पडदा ओलांडून प्रेस चालवता येतो?” दिव्यानं विचारलं.

“दुरुस्तीसाठी एक चाचणी-हुकूम आहे. त्यात पडदा तपासत नाही.”

“तो कोण देऊ शकतं?”

“त्या कॉम्प्युटरवरून... कुणीही. रवळूही.”

“त्या वेळी तुम्ही कुठे होता?”

“कँटीनमध्ये. चहा पीत होतो.”

“बरं.” दिव्यानं खिडकीबाहेर बघितलं. दिवेलागण झाली होती. “नागेंद्रसाहेब, आपण तिघांनीही घेऊया का चहा?”

चहा आला. जिनेंद्रनं कप हळूच बाजूला सरकवला. “मला नको. आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व चालू आहे. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाही मी.”

“आमच्याकडेही पाळतात,” दिव्या म्हणाली, आणि चहा न घेताच उठली.

प्रेसची वीज तोडलेली आहे याची खात्री करून ती दोघांसमोर कॉम्प्युटरवर बसली. दोन्ही प्रेसचे नंबर दाबून पाहिले, आणि मग मुद्दाम तीन.

स्क्रीनवर लगेच ओळ उमटली: असा प्रेस नाही, हुकूम नाकारला.

कॉम्प्युटर थिजला नाही. माऊस हलत होता. तिनं पुन्हा तीन दाबला, पुन्हा तीच ओळ. मग, वीज नसल्यानं किरणांचा पडदा बंद असताना, चाचणी-हुकूम दिला. उत्तर आलं: पडदा मोकळा नाही, हुकूम नाकारला.

दिव्या खुर्ची फिरवून जिनेंद्रकडे बघत राहिली.

“ड्रायव्हर कधी दुरुस्त केलात?”

“कुठे? जुनाच आहे तो. फाइलवरची तारीख बघा.”

“तारीख तुम्हीही बदलू शकता आणि मीही. ऐका. ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात चालतो. तिथं चूक झाली तर वर तिला अडवणारं कुणी नसतं. म्हणून वरून आलेल्या हुकमावर त्यानं कधीच विश्वास ठेवायचा नसतो. आलेला नंबर खरा आहे का, विचारणारा कोण आहे, यंत्र मोकळं आहे का, सगळं आधी तपासायचं. तुमचा ड्रायव्हर काहीच तपासत नव्हता. रवळूनं तीन दाबला, तर दोनच घरांच्या यादीत हा तिसरं घर शोधत गेला आणि तिथं पडलेला कचरा उचलला. म्हणून कॉम्प्युटर थिजला. आज तोच नंबर तो सरळ नाकारतो. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी तो दुरुस्त केला.”

“मग काय झालं?” नागेंद्र म्हणाले. “चांगलंच केलं की!”

“चांगलंच केलं. पण नेमक्या दोनच जागा! तीन नंबर आणि चाचणी-हुकूम, जो पडदा तपासत नाही असं मघाशी तुम्हीच म्हणालात. सगळे म्हणतात, रवळूनं पडदा बंद केला. मग दुरुस्त करणाऱ्याला कसं कळलं, की हात तोडणारा हुकूम चाचणीचा होता आणि तीन नंबरला दिला होता? हे तो हुकूम देणाऱ्यालाच ठाऊक असणार.”

जिनेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला.

“आणि अपघात अंधार पडल्यावर झाला, जिनेंद्र. पर्व तेव्हाही चालूच होतं. तुम्ही चहा कसला पीत होता?”

जिनेंद्र हुंदके देऊ लागला.

“निपाणीच्या प्रेससाठी नवा प्रोग्रॅम तपासत होतो. मी पलीकडच्या खोलीत, लॅपटॉप ह्याच कॉम्प्युटरला जोडलेला. वाटलं, तीन नंबर इथं नाहीच, हुकूम हवेत जाईल. पण या वेळी त्या तिसऱ्या घरात कचऱ्याऐवजी चालू प्रेसचा पत्ता येऊन पडला होता. मला आधी किंकाळीच ऐकू आली, मॅडम.”

“मग?”

“सगळे महादेवला घेऊन धावले, आणि मी ड्रायव्हर दुरुस्त करत बसलो. दुसऱ्या कुणाचा हात जाऊ नये म्हणून. देवाशप्पथ, त्याच्यासाठीच!”

“दुसऱ्या कुणाचा हात!” दिव्याचा आवाज चढला. “आणि रवळू? तो आत गेल्याचं तुम्हाला माहीत होतं. पोलिसांना एक फोन करवला नाही तुमच्यानं?”

“दोनदा उचलला फोन. धीर झाला नाही.”

“चला,” दिव्या म्हणाली. “आता माझ्यासमोर बोला सगळं.”

सकाळी, कोर्ट उघडायच्या आधी, दिव्या रचनाला घेऊन हॉस्पिटलात पोचली. तिनं जिनेंद्रचा जबाब वाचून दाखवला. महादेव छताकडे बघत ऐकत होता. उजव्या मनगटाला जाड बँडेज होतं.

“म्हंजे रवळ्यानं केलं न्हाय?”

“नाही.”

“शुद्धीवर आलो आणि पयलं त्याचंच नाव आलं तोंडात. मी बघितलं बी नव्हतं कोण हुतं ते.” त्यानं रचनाकडे बघितलं आणि त्याला रडू फुटलं. “तुझं लगीन मोडलं, वर तुझ्या भावाला खडी फोडाय धाडत हुतो गं मी.”

रचनानं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

“नवा जबाब दिलात तर तो आजच सुटेल,” दिव्या म्हणाली. “मी लिहून आणलाय. इथं सही लागेल.”

महादेवनं सवयीनं उजवा हात पांघरुणाबाहेर काढला. मग तो तसाच बँडेजकडे बघत राहिला.

दिव्यानं अंगठ्यासाठी शाईचा डबा काढला; रचनानं तो तिच्या हातातून घेतला. महादेवचा डावा अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरून तिनंच तो कागदावर टेकवला.