भरलेली रिकामी डिस्क

"जेवून आलो की जुनी सगळी वर्षं पुसून टाकतो!" तंत्रज्ञ काका म्हणाले.

"माझ्या पुराच्या नोंदी?" आत्या ओरडलीच. नदीकाठच्या या खोलीतून ती पाण्याच्या उंचीवर नजर ठेवायची. पूर कधी चढेल, हे जुन्या नोंदी पाहूनच तिला सांगता यायचं.

"डिस्क भरलीय, ताई. नवीन नोंद होत नाही. तुम्ही सिनेमे साठवले असणार!" काका निघून गेले.

सुट्टीला आलेली तिची भाचरं, चष्मी आणि गुंडू, चिडलीच.

"सिनेमे? मला तर सुरुवातीची नावं संपेपर्यंत झोप लागते!" आत्या म्हणाली.

चष्मीनं माउस ओढला. "गुंड्या, बघ! सगळ्या फायली मिळून इवल्याशा. पण डिस्कवर अडवलेली जागा केवढी!"

"मधली जागा कोणी खाल्ली?"

"तू नाहीस, एवढं नक्की!"

यंत्र दर दहा मिनिटांनी एक फाइल लिहायचं: वेळ आणि पाण्याची उंची, बस्स. चष्मीनं त्यातली एक तपासली. एका ओळीच्या फायलीनं चौसष्ट किलोबाइट अडवले होते! दुसरीनंही तेवढेच.

"डिस्कचे सारखे कप्पे पाडलेत," ती म्हणाली. "फाइल कितीही छोटी असो, तिला अख्खा कप्पा. उरलेली जागा वाया!"

"एका मोज्याला एक कपाट? मग सगळे मोजे एकाच पिशवीत कोंबू!"

एकेका वर्षाच्या फायली बांधून त्यांनी थेट गुंडूच्या पेनड्राइव्हवरच एकेक फाइल केली. एक वर्ष मावलं. दुसरं मावलं. सगळी मावली!

"कोणी हात लावला?" काका दारातच थबकले.

"काका, एवढे मोठे कप्पे कोणी निवडले?" चष्मीनं विचारलं.

"मीच. त्यांत मोठ्या फायली झरझर चालतात. घरी सिनेमांच्या डिस्कला तेच करतो."

"म्हणजे सिनेमे तुमचेच!" गुंडू म्हणाला.

काकांनी पडद्यावरचे आकडे पाहिले. त्यांचे कान लाल झाले. "चुकलं, ताई. उगाच तुमच्यावर आळ घेतला."

त्यांनी पेनड्राइव्हवरच्या नोंदी उघडून खात्री केली. मग डिस्क नव्यानं तयार केली, या वेळी चार किलोबाइटच्या कप्प्यांची. सगळ्या नोंदी परत आल्या, तरी डिस्क जवळजवळ रिकामीच! यंत्रानं ताजी उंची नोंदवली.

आत्यानं ती जुन्या वर्षांशी ताडून पाहिली आणि झटकन फोन उचलला. "पूल बंद करा! संध्याकाळपर्यंत पाणी चढेल... हो, खात्रीनं सांगते. नोंदी आहेत ना! माझ्या भाचरांनी वाचवल्यात!"