आम्ही बारा

हे लिहायचंच नाही, असं त्याने ठरवलं होतं. लिहिलं की खरं होतं, अशी भीती. पण काल नवी ऑर्डर आली आणि आज रात्री तो टाइप करायला बसला.

परक्या देशात तो दुकानांच्या पाट्या बसवायचा. शिडी, ड्रिल मशीन, स्क्रूंचा डबा. तिथली हॉटेलांची नावं अशी, की वाचूनच भूक मरावी. एक 'ओला मोजा', एक 'सासूचा दात'. तो आणि त्याचा खोलीतला दोस्त पोट धरून हसायचे. दोस्त वायरमन, पाटीमागचे दिवे जोडायचा. खाण्यावर इतका जीव, की सगळे त्याला बकासूरच म्हणायचे.

'आम्ही अकरा' ही पाटी दोघांनीच लावली होती.

"अकराच का रे?"

"बारावा आला तर हाकलत असतील."

आठ महिन्यांनी मालकीणबाईंचा फोन आला. अकराच्या जागी बारा करा.

भर दुपारी गेले. आत एकच लांब टेबल, अकरा माणसं जेवत होती. लाल स्वेटरवाला म्हातारा, पिवळ्या क्लिपवाली बाई. गेल्या वेळी होती तीच माणसं, त्याच खुर्च्यांवर. बारावी खुर्ची रिकामी होती, पण पुढ्यात ताट वाढलेलं. वाफ निघत होती. वास मात्र ओल्या भिंतीचा.

"अजून कोण यायचंय?" त्याने विचारलं.

"तुम्ही पाटी लावा," बाई म्हणाल्या.

तो शिडीवर चढला. खालून बकासूर ओरडला, "माझं झालं. पोटात कावळे ओरडतायत. बाई आग्रह करतायत, दोन घास खाऊन येतो."

"अरे, घरी भात आहे!"

"घरचा भात कुठे पळून जातोय?"

त्याने शेवटचा स्क्रू पिळला. स्क्रूच्या डोक्यावरची खाच तो नेहमी उभी ठेवायचा, ती त्याची खोड. मग खाली उतरून काचेतून बघितलं. बकासूर मान खाली घालून जेवत होता.

"चल."

"हो, झालंच."

तासाभराने पुन्हा तेच. "झालंच." ताटातलं काही कमी झालं नव्हतं. बारा चमचे हलत होते, आवाज एकाचाही नव्हता. त्याने दोस्ताचा दंड धरून ओढला. दंड गरम होता, पण माणूस जमिनीत रोवलेल्या खांबासारखा.

बाकीचे अकरा जण एकदम चावायचे थांबले.

त्याने हात सोडला. ते पुन्हा चावायला लागले.

पोलीस येऊन गेले. "जेवतोय ना? मग तक्रार काय?"

रोज बकासुराच्या आईचा फोन यायचा. "तो उचलत नाही रे. जेवतो ना वेळेवर?"

"हो काकू, जेवतोय."

एक अक्षर खोटं नव्हतं, तरी तो घाईने फोन ठेवायचा.

एकदा त्याने न राहवून पाटीवरचे 'बारा' काढले आणि जुने 'अकरा' बसवले. आत बकासुराने क्षणभर मान वर केली. एवढंच. सकाळी बघतो तर पुन्हा 'बारा'. प्रत्येक स्क्रूची खाच उभी.

काल फोन आला. तेरा करा.

"मी नाही येणार," तो म्हणाला. पण आज दुपारी पाय तिकडेच वळले. दोस्ताला शेवटचं एकदा ओढून बघू, म्हणून.

शेजारी नवी खुर्ची मांडलेली होती. पुढ्यात ताट नव्हतं अजून.

"ऊठ रे. काकू वाट बघतायत."

बकासुराने पहिल्यांदा नीट बघितलं. डोळे तेच, चेष्टेखोर, फक्त फार थकलेले.

"पाटी दुसऱ्या कुणाला लावू देऊ नकोस."

"का?"

बकासुराने पायाने ती नवी खुर्ची हळूच मागे सरकवली. "अनोळखी माणसांत घास उतरत नाही रे."

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. जबडा चालूच होता.

"उद्या येशील?" त्याने विचारलं.

दारापाशी मालकीणबाई ताट पुसत उभ्या होत्या.

"येतो."

"नक्की?"

"नक्की," तो म्हणाला. "उपाशीच येतो."