लिनीचे शंभर दिवस

ही गोष्ट रचलेली नाही. आमच्या गावच्या आपिसाईच्या बाबतीत ती घडली. त्याचा मेव्हणा केलेपी तेव्हा त्याच्याच बोटीत होता. मी दोघांकडून वेगवेगळी ऐकली, पण शेवट सोडला तर काडीचा फरक नव्हता.

गेल्या ऑगस्टची. रात्र नव्हती. भर दुपार होती, लख्ख ऊन.

आपिसाईची बायको लिनी वारली होती. तिचं माहेर यासावा बेटांकडच्या एका लहान बेटावर. आता तिथे कोणी राहत नाही. बोट लावायला धक्का नाही, वीज नाही. पांढरी वाळू आणि प्रवाळाचे खडक, बस्स. तिला तिथेच पुरलं आणि रीतीप्रमाणे तिच्या नावाने तिथलं पाणी शंभर दिवस बंद केलं. खडकात खांब रोवला, त्याला माडाची झावळी बांधली.

जाळं नाही. गळ नाही. बुडी नाही.

दिवस पुरे व्हायच्या आत पाणी उघडलं तर गेलेलं माणूस वाटेतच अडकतं, आणि भरल्यावर उघडलं नाही तरीही अडकतं, असं म्हातारे सांगतात. लिनी अडकू नये, एवढीच आपिसाईची काळजी होती. बाकी त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

शंभर भरले. त्याने खांब उपटला. खांब एका हातानेच सहज निघाला. त्याच दिवशी मेलबर्नहून आलेली इंग्रिड आणि तिचा नवरा या पर्यटकांना बुड्या मारायला तिथे घेऊन गेला.

"दाजी, आज मासे असे उसळतील की तुमच्याही गळाला एखादा लागेल," केलेपी म्हणाला. "आजवर एकच लागली. माझी बहीण."

"ती गळाला नाही लागली. तुझ्या बापाने माझ्या बोटीत बसवली. वर तुला फुकट दिलं."

खूप दिवसांनी दोघं हसले. पाहुणे पाठीला हवेच्या टाक्या बांधून पाण्यात उतरले.

आणि मग...

थप्.

थप्... थप्.

बायका उथळ पाण्यात तळवे आपटतात ना, मासे जाळ्यात हाकायला, तसा आवाज. खडकाच्या पलीकडून येत होता.

केलेपीने मान वळवली. पलीकडे कोणी नव्हतं.

"दाजी, ऐकलंत?"

आपिसाईने उठून कान दिला: एक थाप जोरात, एक हलकी. लिनी उजवा हात जोरात आपटायची, डावा हलका. त्याने ते वीस वर्षं ऐकलं होतं.

थोड्या वेळाने इंग्रिडचा नवरा वर आला. एकटाच.

"खाली मासाच नाही," तो म्हणाला. "एकसुद्धा नाही. इंग्रिड कुठे आहे? माझ्या मागेच होती."

बोटीभोवती कुठेही बुडबुडे नव्हते.

तिच्या टाकीत फार तर दहा मिनिटांची हवा उरली असेल. केलेपीने उडी मारली. नवराही पुन्हा खाली गेला. आपिसाई बोटीच्या कडेला गुडघ्यांवर बसला आणि पाण्याला म्हणाला, "लिनी, परक्याची लेक आहे. सोड तिला. माझं काही चुकलं असेल तर मला सांग."

आवाज थांबला.

मग बोटीपासून हातभर अंतरावर इंग्रिड वर आली. शांत होती. घाबरलेली नव्हती.

"तुमची ती बाई छान पोहते," ती म्हणाली. "अंगात फुलाफुलांचा झगा. पाठीवर टाकी नाही. माझं मनगट धरून बसली आणि सारखी बोटं दाखवत होती. मला वाटलं, किती हवा उरली ते विचारतेय."

"किती बोटं?" आपिसाईने विचारलं.

"चार."

तिच्या नवऱ्यामागोमाग केलेपी बोटीत चढत होता. तो तसाच थबकला.

"दाजी... तुम्ही दिवस कधीपासून मोजले?"

"ती गेली तेव्हापासून."

"अहो, पुरल्यापासून मोजतात! दूर सुवा शहरातून मावशी यायची होती म्हणून आपण चार दिवस थांबलो होतो."

त्या दिवशी शहाण्णवच झाले होते.

पाहुण्यांना त्यांनी काही सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी खांब पुन्हा रोवला. चार दिवस आपिसाई वाळूवर बसून होता. रोज दुपारी पाणी वाजायचं. तो उठायचा, केलेपी त्याला धरून बसवायचा.

चार दिवस भरले. दुपार झाली. पाणी गप्प. खडकावर माशांचे थवेच्या थवे आले होते.

"आता सुटेल ताई," केलेपी म्हणाला. "काढा दाजी खांब."

आपिसाई कमरेइतक्या पाण्यात गेला. दोन्ही हातांनी खांब धरला.

"निघत नाही रे. खालून कोणीतरी धरलाय."

केलेपी जवळ गेला. आपिसाईच्या हातांकडे बघितलं. खांबाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला,

"दाजी, तुम्ही ओढतच नाही आहात."

हे केलेपीने मला सांगितलं. आपिसाई म्हणतो, त्याने जीव खाऊन ओढला होता.

खांब अजून तिथेच आहे. ते पाणी कोणी उघडलेलं नाही. तिला कोणी अडकवून ठेवलंय, हे मी आपिसाईला विचारायला दोनदा गेलो.

दोन्ही वेळा न विचारताच परत आलो.