मधला एफ शार्प

काचेपलीकडे ऑर्गनच्या कळा आपोआप खाली जात होत्या आणि प्रयोगशाळेत प्राध्यापक इनास तुस्कानो दोन्ही हात खिशात घालून उभे होते. हात मोकळे असले की ते दृश्य त्यांना बघवत नसे.

"सर, तुमच्या एकोणतीस वर्षांच्या ध्वनिमुद्रणांतून काढलेली प्रत्येक कळ याच्याकडे आहे," केतकी माहुलकर म्हणाली. ती त्यांचीच विद्यार्थिनी, आता विद्यापीठाच्या संगीत-तंत्रज्ञान विभागाची प्रमुख. "आवाज नाही, फक्त हाताची चाल. कोणत्या कळेनंतर कोणती, किती वेळ थांबून. त्यावरून हे हस्तप्रतिरूप ठरवतं, की या जागी तुस्कानो सर पुढे काय वाजवतील. मग विद्युतचुंबक ती कळ ओढतात. ऑर्गन तोच, नळ्या त्याच."

"आणि मी जे कधीच वाजवलं नाही ते?"

"ते त्याच्या जगातच नाही, सर."

तुस्कानोंना किती तरी महिन्यांनी बरं वाटलं.

महिने वाईटच गेले होते. कुलगुरूंनी अट घातली होती. वीस वर्षांहून जास्त काळ त्यांचं वादन ऐकलेले नऊ श्रोते पडद्याआड बसवायचे. एकाच सुरावटीवर तुस्कानो आणि प्रतिरूप यांनी एकामागून एक वाजवायचं. पाच जणांनी तुस्कानोंना ओळखलं तर त्यांची जागा त्यांचीच. नाही ओळखलं तर महिनाअखेरीस निवृत्ती आणि रविवारचं वादन प्रतिरूपाकडे. ज्या बाकावर उभं आयुष्य गेलं, तिथे बसायला आता परीक्षा द्यायची. संताप संताप होत होता, पण सांगणार कोणाला?

त्यांच्या हाती मात्र एक गुपित होतं. मधल्या सप्तकातल्या एफ शार्प या काळ्या कळेची नळी ते रुजू झाले तेव्हाच ओठाशी, म्हणजे सूर फुटतो त्या फटीशी, चिरलेली होती. कळ दाबली की सुराऐवजी नुसती फुसफूस. त्यांनी नळीत फडकं कोंबलं आणि दुरुस्तीचे अकरा अर्ज केले. अकराही 'विचाराधीन' राहिले. तेव्हापासून सुरावट त्या जागी आली, की त्यांचा हात अर्धी मात्रा थांबे आणि वळून खालच्या सप्तकात उतरे. पुढेपुढे विद्यार्थीही तसं वळू लागले. एकाने तर त्यावर प्रबंध लिहिला.

केतकीने या नोंदी यंत्रात भरण्याआधी एक तक्ता भरायला दिला होता. 'वाद्यातील दोष' या रकान्यात तुस्कानोंनी 'काही नाही' असं ठणकावून लिहिलं. आपल्या ऑर्गनचं उणं कचेरीला लिहून देणारा ऑर्गनवादक अजून जन्माला यायचाय.

आता तेच पथ्यावर पडणार होतं. त्यांनी फडकं काढलं, चिरेवर स्वतः कथलाचा डाग दिला आणि दीड महिना रोज सहा तास बसले. हात आधी बुजायचा, सवयीने वळायचा. मग सरळ जायला शिकला. यंत्राला जी कळ माहीतच नाही, ती आपण वाजवायची. मग बघू कोण ओळखत नाही ते.

चाचणीत पहिली पाळी त्यांची आली. आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं इतकं मोकळं ते वाजवून गेले. एफ शार्प तर पोटभर वाजवला. नंतर प्रतिरूपाने वाजवलं, त्या जागी अडलं, वळलं, खाली उतरलं.

कुलगुरूंनी चिठ्ठ्या उघडल्या. "तुस्कानो कोण? दुसरे. दुसरे. दुसरे." नऊच्या नऊ. शेवटच्या चिठ्ठीवरचं तिरकं अक्षर तुस्कानोंनी दुरूनच ओळखलं. ते त्यांच्या बायकोचं होतं. 'दुसरा. पहिला छान वाजवतो, पण आमचा नव्हे.'

"फिलू, तूसुद्धा?" पडदा सरकताच ते ओरडले.

फिलोमिनाने रिकाम्या बाकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "त्या जागी तू अडतोस, इनास. अडलास की मला कळतं, हा तू. पहिला अडलाच नाही."

"अगं, नळी फुटकी होती म्हणून अडायचो!"

"फुटकी?" केतकी मध्येच म्हणाली. "तक्त्यावर तर तुम्ही 'काही नाही' लिहिलंत." तिने तक्ता पुन्हा वाचला. "माझी चाचणीच चुकली, सर. प्रतिरूपाला ती कळ शिकवते. पुन्हा घेऊ."

"शिकवलीस तर त्यालाही कोणी ओळखणार नाही," फिलोमिना म्हणाली.

श्रोते पांगले. कुलगुरू जाता जाता निरोपसमारंभाची तारीख विचारून गेले. फिलोमिना पहिल्या रांगेत तशीच बसून राहिली, केतकी यंत्राच्या तारा आवरत होती. तुस्कानो बाकावर चढले. तिला एकदा तरी ओळखीचं ऐकवावं म्हणून त्यांनी तीच सुरावट धरली. हात त्या जागी आला आणि सरळ एफ शार्पवर गेला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा त्यांनी मनगट डाव्या हाताने धरून ठेवलं, तर बोटं नुसतीच थांबली. वळली नाहीत.

दीड महिन्याची मेहनत चांगलीच मुरली होती.

ते हात मांडीवर घेऊन बाकाच्या एका टोकाला सरकले.

"केतकी," ते म्हणाले, "ते परत लाव जरा. मी कसा वळायचो, ते बघू दे."