बारा मिनिटं रेंजबाहेर

“मावशी, जिराफाची मान वाकडी झालीय. वाकडी! उसव आणि परत भर. आणि हत्तीला सोंड लावलीस का... हॅलो? हॅलो, मावशी?”

गेली रेंज. लाँचनं खडकाळ टेकडीला वळसा घातला की ती दर वेळी जाते.

समोरच्या बाकावरचा माणूस खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. मी आधीच वैतागले होते, त्यात हे.

“हसा, मोकळेपणानं हसा,” मी म्हणाले. “तुमचं काय जातंय? माझं दुकान बंद पडलं आत्ता.”

“दुकान?” त्यानं मान वळवली. डोळे इतके मिश्कील, की मी उगाचच फोनकडे बघायला लागले. “कुठं आहे तुमचं दुकान?”

“हे काय!” मी फोन त्याच्या नाकासमोर धरला. “फळी नाही, पाटी नाही, शटर नाही. मावशी घरी कापडी प्राणी शिवते आणि मी ते या फोनवरून विकते. फोटो इथून, ऑर्डर इथून, कुरिअरवाल्याशी भांडण इथून. आठवड्यातून तीनदा पलीकडच्या दुकानांत नमुने दाखवायला जाते, तेव्हा दुकान माझ्याबरोबर लाँचमध्ये असतं. आणि नेमकं इथं येऊन बारा मिनिटं मरतं. वर्षभरात अकरा तक्रारी केल्या मी. अकरा! पण कंपनीतली माणसं बहुतेक झोपलेली असतात.”

त्यानं शांतपणे पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला.

“सातव्या तक्रारीत तुम्ही ‘झोपलेली’ नाही, ‘घोरत पडलेली’ लिहिलंय,” तो म्हणाला. “नवव्या तक्रारीत तर आमच्या साहेबांना पाण्यात ढकलायची भाषा आहे. ती मला फार आवडली.”

माझा चेहरा कसा झाला असेल, देव जाणे. तो त्याच कंपनीचा होता. पुढच्या बेटावर टॉवर उभा करायला त्याला पाठवलं होतं, माझ्याच तक्रारींवरून!

“म्हणजे... तुम्ही टॉवरवाले?”

“आणि तुम्ही जिराफबाई,” तो म्हणाला. तेवढ्यात लाँच बेटाच्या धक्क्याला लागली आणि तो उतरून गेलासुद्धा.

त्यानंतर तो दर खेपेला भेटू लागला. रेंज असेपर्यंत मी कामात बुडालेली असायचे. कोणाला पाणघोडा निळाच हवा असायचा, कोणाच्या मुलीचा ससा हरवलेला असायचा आणि हुबेहूब तसाच, एक कान आखूड असलेला, ससा परवापर्यंत पाहिजे असायचा. मी एका कानाला फोन लावून दुसऱ्या हातानं फोटो पाठवायचे. तो बाकावर गप्प बसून माझी तारांबळ बघायचा. टेकडी आली, की फोन मुका व्हायचा आणि त्याची बोलायची पाळी यायची.

एरवी त्या बारा मिनिटांत मी प्राण्यांना डोळे शिवायचे. एके दिवशी सुईत दोरा जाईना. वारा भलता सुटला होता, केस तोंडावर येत होते. त्यानं न विचारता सुई माझ्या हातातून घेतली, दोरा ओवला, आणि परत देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली.

“एवढ्या उंच टॉवरवर चढता,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “भीती नाही वाटत?”

“वर नाही वाटत,” तो म्हणाला. “इथं वाटते... जरा जरा.”

मी मान वर केली नाही. हत्तीचा डावा डोळा मात्र भलतीकडेच शिवला गेला.

“अरेरे,” त्यानं हत्ती उचलून निरखून बघितला. “हा बिचारा आता आयुष्यभर तिरळा बघणार.”

“तुमच्यामुळे!”

“मग उजवा मी शिवतो. दोष निम्मा निम्मा.”

त्यानं शिवलेला डोळा तर आणखीच वर गेला. गंमत म्हणजे त्या हत्तीचा फोटो टाकल्याबरोबर चार जणांनी “अस्साच हवा” म्हणून कळवलं. मावशी फोनवर चक्रावून म्हणाली, “अगं, मी नीट शिवते ते कुणाला नको आणि हे ध्यान हवं? शिवतंय तरी कोण?” मी “वारा फार असतो गं” असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मधले सोमवार, बुधवार, शुक्रवार मला तेव्हापासून नकोसे झाले होते, कारण त्या दिवशी माझी लाँचची खेप नसायची.

आणि मग एका गुरुवारी, टेकडीला वळसा घातल्यावर, माझ्या फोनवर रेंजची एक काडी दिसली. मग दुसरी. मग सगळ्या! वर्षभर भांडून मिळवलेली रेंज भर पाण्यात माझ्या हातात आली होती. मी आनंदानं ओरडायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच विचार आला. टॉवर झाला, म्हणजे याचं इथलं काम संपलं. हा आता जाणार.

अंगठा आपोआप सरकला. फोन फ्लाइट मोडवर गेला.

“आली का रेंज?” त्यानं विचारलं.

“छे! एक काडीसुद्धा नाही.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या रेंज मोजायच्या यंत्राकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

“हं...” तो म्हणाला. “मग अजून तपासावं लागेल.”

तीन आठवडे हेच चाललं. मी धडधडीत खोटं बोलत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. प्रेमात पडलेली बाई किती बेशरम होते, ते मला तेव्हा कळलं.

पण मावशीला यातलं काय माहीत? एका मोठ्या दुकानाच्या बाईंनी शोकेससाठी साठ प्राणी हवेत म्हणून मला नेमका त्या बारा मिनिटांत फोन लावला, तो लागेना, म्हणून घरी लावला. मावशीनं घाबरून “हो” म्हणून टाकलं. किती दिवसांत द्यायचे ते विचारलंच नाही! मग सगळा राग तिनं कंपनीवर काढला. माझ्याच नंबरसाठी बारावी तक्रार. आणि मावशीच्या भाषेपुढे माझ्या अकरा तक्रारी म्हणजे आभारपत्रं होती.

शनिवारी मी लाँचमध्ये पाय ठेवतेय, तोच कंपनीतून फोन आला. साहेब स्वतः बोलत होते.

“मॅडम, आमचा माणूस तीन आठवडे ‘तपासणी चालू आहे’ एवढंच कळवतोय. तुमची तक्रार आली, म्हणजे टॉवर बिघडलेलाच दिसतोय. आज नीट बघा आणि अॅपवर ‘तक्रार मिटली’ किंवा ‘मिटली नाही’ दाबा. मिटली नसेल, तर त्याला कामावरून काढावं लागेल.”

मी तशीच आत धावले. तो नेहमीच्या बाकावर बसला होता. चेहरा उतरलेला, तरी मला बघून हसला.

“या, जिराफबाई.”

“तुला माहीत होतं?” मी धाडकन समोर बसले. ‘तू’ कधी तोंडातून गेलं, ते मलाच कळलं नाही. “नोकरी जाईल तुझी! एका शब्दानं सांगितलं का नाहीस?”

“काय सांगणार? ग्राहक म्हणतेय रेंज नाही. ग्राहकाचं म्हणणं खरं मानायचं, असं आम्हाला शिकवलंय.”

“ग्राहक खोटं बोलतेय!”

“माहीत आहे,” तो हळूच म्हणाला. “फ्लाइट मोडवर टाकलं की वरच्या कोपऱ्यात विमानाचं चित्र येतं. पहिल्याच दिवशी दिसलं मला... आमचा धंदाच आहे तो.”

मला वाटलं, आता स्वतःच उडी मारावी पाण्यात. तीन आठवडे मी टॉवरवाल्याला रेंज नाही म्हणून सांगत होते!

“मग बोलला का नाहीस?”

“तूच सांग, का बोललो नसेन.”

तोही मला ‘तू’ म्हणाला. बाहेर टेकडी आली. आज मी फ्लाइट मोडला हात लावला नाही, अॅप उघडलं आणि ‘तक्रार मिटली’वर बोट ठेवलं. दाबलं, की त्याची नोकरी वाचणार आणि तो जाणार. दाबलं.

“झालं,” मी म्हणाले. “आता कुठं पाठवतील?”

“डोंगरात. दोन दिवसांचा प्रवास आहे. चाळीस गावं आहेत, कुठंही एक काडी नाही. दोन वर्षं तरी लागतील.” त्यानं यंत्र पिशवीत टाकलं. “तुला... कसं विचारू? तुझा धंदा इथं, लाँच इथं, मावशी इथं—”

तेवढ्यात फोन वाजला. भर पाण्यात, खणखणीत! सवयीनं मी उचलला. निळ्या पाणघोड्यावाल्या ताई होत्या.

“ताई, पाचच मिनिटं थांबता का?” मी म्हणाले. “एकाला लग्नाचं विचारतेय.”

मग ताई म्हणाल्या, “अगंबाई! विचारा, विचारा. मी ठेवत नाही, अशीच थांबते.”

तो डोळे विस्फारून बघत होता. मी फोन बाकावर ठेवला.

“माझा धंदा इथं आहे, असं कोण म्हणालं? तो या फोनमध्ये आहे. मावशी शिवेल, कुरिअरवाला नेईल, ऑर्डरी मी कुठूनही घेईन. डोंगरातल्या पोरांना काय प्राणी नकोत? मी येते. फक्त तिथं मला रेंज हवी.”

“ती मी लावतो,” तो म्हणाला. “सगळ्यात आधी तुझ्या खिडकीसमोर.”

“मग लग्न करतोस?”

“करतो! कधीपासून...” त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि धक्का आला तरी सोडला नाही. तो उतरायचंच विसरला. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

बाकावरून बारीक आवाज येत होता. “काय म्हणाले? अहो, काय म्हणाले ते?”

मी मोकळ्या हातानं फोन उचलला. “हो म्हणाला, ताई.”

“अभिनंदन! बरं, आता माझ्या पाणघोड्याचं सांगा.”