अर्धा इंच

फ्रेमवाल्याचा माणसांवर विश्वास नव्हता, फूटपट्टीवर होता. चित्र कुणाचंही असो, चारी कडांवर अर्धा इंच पुठ्ठा चढवायचाच, नाहीतर कागद निसटतो. सासरेबुवांच्या फोटोलाही त्याने सवलत दिली नव्हती. त्यांचा उजवा कान तेव्हापासून पुठ्ठ्याखालीच आहे.

लढाईत घर सोडून आलेल्या चित्रकाराने प्रदर्शनासाठी एक जलरंगातलं चित्र आणलं. रिकामी खोली, उजव्या कडेला किलकिलं दार.

"उजवी कड तेवढी झाकू नका, दादा. दार उघडं दिसलं पाहिजे."

"का, दाराला उकडतंय?"

चित्रकार हसला नाही. "आईला म्हटलं होतं, तासाभरात गाडी घेऊन येतो. ती एकटी म्हणून बाहेरून कडी लावली. त्याला सात वर्षं झाली. निदान कागदावर तरी…"

फ्रेमवाल्याने मान डोलावली, आणि हाताने सवयीने अर्धा इंच झाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रात, काचेमागच्या खोलीत एक म्हातारी उभी होती. पाठमोरी.

'चित्रकार लेकाचा फिरकी घेतोय,' फ्रेमवाला म्हणाला. पण दुकानाची किल्ली तर त्याच्या स्वतःच्याच कमरेला. त्याने फ्रेम उलटी केली. मागची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. तरी कुणी उघडली तर कळावं म्हणून त्याने पट्टीवर सही ठोकली. चोर नाही तर नाही, सही तरी बरी आली.

तिसऱ्या दिवशी सही शाबूत. म्हातारी उजव्या कडेला, पुठ्ठ्याकडे तोंड करून. पुठ्ठ्याची कापीव धार नखं मारल्यासारखी ओरखडलेली, आणि खाली खोलीतल्या फरशीवर पांढरा भुगा.

त्याने फ्रेम हलवली. भुगा हलला नाही. तो जलरंगातला होता.

त्याने चित्रकाराला फोन लावला. "दुकानात येऊन काही रंगवून गेलात का हो?"

"नाही. का?"

"सहज. चित्रात कुणी बाई काढली होतीत?"

 "दादा, कड झाकलीत का?"

फ्रेमवाला जन्मात पहिल्यांदा मापाबाबत खोटं बोलला. "छे."

फोन ठेवून त्याने पट्टी फाडली. पुठ्ठा काढला.

म्हाताऱ्या माणसाला बाहेर पडायला वेळ लागतो. फ्रेमवाला भिंतीकडे तोंड करून बसला.

बऱ्याच वेळाने वळला.

खोली रिकामी होती. दार सताड उघडं.

भुगा कोपऱ्यात नीट झाडून ठेवलेला.