दोर धरणारा

मैत्री भिंतीवर मध्येच अडकली होती. खाली बघवत नव्हतं, वर हात पोचत नव्हता. "आई गं..." ती पुटपुटली.

"डावा पाय जरा वर घ्या. गुडघ्यापाशी खाच आहे," खालून चक्क मराठी आवाज आला.

दचकून तिचा हात सुटला. दोर ताणला गेला आणि ती अलगद खाली आली... दोर धरणाऱ्याच्या अगदी समोर. हॅम्बर्गच्या त्या क्लाइंबिंग हॉलमध्ये तिचा दोर धरायला येणारी मैत्रीण आज आलीच नव्हती. काउंटरवरच्या बाईने याला मदतीला पाठवलं होतं. 'हालो'पलीकडे दोघं बोलली नव्हती.

त्याचं नाव निहार, विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मैत्री पुरातत्त्वाची संशोधक. इजिप्तच्या वाळवंटात एका जुन्या ख्रिस्ती मठाभोवती कड्यात गुहा होत्या. पूर्वी तिथे साधू एकेकटे राहायचे. तिची इन्स्टिट्यूट त्या गुहांच्या पाहणीची तयारी करत होती. मात्र ज्याला दोरावर चढता येत नाही त्याने हॅम्बर्गातच बसून नकाशे काढायचे, असं प्रोफेसरबाईंनी बजावलं होतं.

"मग चढायचंच," निहार म्हणाला.

दर शनिवारी तो येऊ लागला. तिच्या कमरपट्ट्याला बांधलेल्या दोराची गाठ तपासायचा, पुन्हा तपासायचा.

"सगळ्यांची गाठ इतक्या वेळा बघतोस?"

"नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

वसंतात प्रोफेसरबाईंसमोर चढण्याची परीक्षा झाली. मैत्री न थांबता वर पोचली. प्रोफेसरबाई "गेनाऊ!" म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर.

परतताना दोघं फेरीबोटीच्या डेकवर उभी होती. एल्बे नदीवर रिमझिम चालू होती. निहार कठड्यावर हात ठेवून पाण्याकडे बघत होता.

"खूश नाहीस?"

"आहे. पण..." तो पाण्याकडे बघत राहिला. "तू वर चढताना क्षणभर वाटलं, नापास झालीस तर बरं. इथेच राहशील. लाज वाटली माझी मला."

"आणि तरी दोर नीट धरलास?"

"तुझा दोर मी कधीच सोडणार नाही, मैत्री."

तिने ओल्या कठड्यावरचा त्याचा हात हातात घेतला. बोटं गार होती.

"मठात पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. नोव्हेंबरात सुट्टी काढ."

"विचारतेयस की सांगतेयस?"

"सांगतेय."

फिंकनवेर्डरचा धक्का आला. निहारचं घर इथेच होतं. लोक उतरले, नवे चढले, फेरी पुन्हा निघाली. तो जागचा हलला नाही, आणि तिनेही त्याला आठवण करून दिली नाही.